मिश्रीनं खाल्लेला गाल

माझं तोंड आता दोन बोटं उघडतं. भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं डाव्या बाजूनं आत सारावी लागते. उजवा गाल आतून कापून काढलाय, जबड्याची कड काढलीय, आणि आत मांडीची कातडी लावलीय. ओठ मिटून म्हणायची अक्षरं माझ्या तोंडातून निसटतात. अंगणवाडीतल्या पोरांना मात्र माझं सगळं कळतं.

हे रडगाणं नाही. रडायचं होतं तेवढं दवाखान्यात रडून झालं. आता राग उरलाय, आणि तो मला घालवायचा नाहीये. कारण मी घरी परत आले तेव्हा माझी धाकटी जाऊ रंजना माझ्याच चुलीपुढे बसून माझ्याच वाटेनं निघाली होती. तिचा गाल वाचवायला मी काय काय भांडले ते सांगायचंय. डॉक्टरी पुस्तकातलं मला येत नाही. जे माझ्या तोंडावर गेलं तेवढंच लिहिते.

*

आमचं घर पळसदेवजवळ, उजनीच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. घरात सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. सासूबाई म्हणजे आत्या. माझे मालक साखर कारखान्यात फिटर. धाकटे दीर सुरेश शेती बघतात, आणि त्यांची बायको रंजना.

मामांनी ऐन तारुण्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले देव टोपलीत भरले आणि भीमेत सोडून दिले. ही गोष्ट ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतात आणि त्यांनी ती सांगावीच. उपास गेले, अंगात येणं गेलं, जत्रेचं बोकड गेलं. पोरी शाळेत गेल्या. मला अंगणवाडीची नोकरी लागली ती मामा स्वतः इंदापूरला खेटे घालत होते म्हणून. हे मी विसरलेले नाही.

पण टोपलीत देव भरले तेव्हा मिश्रीचा तवा कुणी भरला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर असा खकाणा उठतो की पाळण्यातलं पोरही शिंकतं. ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, निजायच्या आधी. माझी आई लावायची, पण मला डबीला हात लावू द्यायची नाही. "लग्न झाल्यावर लाव," म्हणायची. सासरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर मिश्री ठेवली. चांगल्या मनानं ठेवली. हिरव्या बांगड्या भरतात तशी.

दिवस गेल्यावर मळमळ थांबते म्हणून लावायची, बाळंतपणानंतर दात हलू नयेत म्हणून लावायची. पण खरं कारण वेगळंच. दुपारी भांडी झाली की आम्ही तिघी ओट्यावर बसायचो. तोंडात मिश्री असली की बाईला बोलता येत नाही, उठून पाणी देता येत नाही, आणि गडीमाणसांनाही ते ठाऊक असतं. तेवढा वेळ कुणी काम सांगत नाही. आमच्या सुट्टीची किंमत अशी होती.

इंदापूरला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला सगळं शिकवलं. हात धुणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, पोलिओचे थेंब, गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या. मिश्रीचं नाव कुणी काढलं नाही. चहाच्या सुट्टीत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या, सगळ्याच नळापाशी उभ्या राहून मिश्रीच लावत असायच्या.

*

मी आजारी पडायच्या आधी, गावात पहिला एसटीडी बूथ लागला त्या सुमाराला, पुण्याहून संशोधन करणारी माणसं आली. पांढरी जीप, दोन डॉक्टर, एक लिहून घेणारा. खेड्यातल्या लोकांना तोंडाचे आजार किती होतात आणि कशामुळे होतात, हे त्यांना शोधायचं होतं. काम चांगलंच होतं.

उजेड हवा म्हणून त्यांनी विहाराच्या पडवीत टेबल मांडलं. पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मामा आणि चार वडीलधारी माणसं खुर्च्या टाकून डॉक्टरांच्या शेजारी बसली. चहा आला. मग बायकांना बोलावणं आलं.

लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "घरात तंबाखू कोण कोण खातं?" विचारलं मामांना.

"मी खातो. पोरं खात्यात. बायका न्हाय. आमच्यात बायकास्नी व्यसन न्हाय."

मामा खोटं बोलले नाहीत. मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं. मी दोन हात अंतरावर उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

मग तरुण डॉक्टर बॅटरी घेऊन म्हणाला, "तोंड उघडा."

मामांसमोर मी कधी दात दिसतील असं हसले नव्हते. जांभई आली तर पदर तोंडावर घ्यायचे. आणि तिथे मामा, मामांचे भाऊ, सरपंच, सगळे माझ्याकडे बघत बसलेले. मी पदराची कड दातात धरली आणि विड्याचं पान सरकेल एवढं तोंड उघडलं. डॉक्टर घुटमळला. त्यानं मामांकडे बघितलं, बॅटरी विझवली आणि म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या ताई." माझ्यामागच्या सगळ्या सुना तशाच पुढे सरकल्या. तास-दोन तासांत काम उरकलं.

तेव्हा माझ्या उजव्या गालात आतून खरखरीत चट्टा होता. जिभेला लागायचा. ठेचा खाल्ला की झोंबायचा. त्या दिवशी तो कुणी बघितला असता तर मिश्री सोडून तो गेलाही असता, असं पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. अगदी सहज सांगितलं.

*

पुढे तो चट्टा चिघळून त्याचा फोड झाला. भिगवणच्या डॉक्टरांनी दाढ किडलीय म्हणून दाढ काढली. मग गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या गोळ्या दिल्या. ठणका थांबेना. मी चुलीपुढे गाल धरून बसायचे.

आत्या जवळ येऊन म्हणाल्या, "शालन, मिश्री घे वाईच जास्त. दाबून धर तितं. कळ मरंल."

कळ खरंच मरायची. तंबाखूनं गाल बधिर व्हायचा आणि मी आत्यांचे उपकार मानायचे. ज्यानं गाल खाल्ला तेच औषध म्हणून मी त्याच फोडावर रोज दाबून धरत होते. आत्यांनाही वाटत होतं की सुनेची सेवा करतोय. नातेवाईक अजून म्हणतात, तुझंच चुकलं, शिकलेली बाई असून तुला कळलं नाही. मी हो म्हणणार नाही. मला जे कुणी सांगितलंच नाही ते कळणार कुठून?

शेवटी मालकांनी बारामतीला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. गालाचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टरांना जरा आत पाठवा." मी बाकावर बसले. भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दातांच्या बाईचं चित्र होतं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

मालक बाहेर आले आणि म्हणाले, "काय न्हाय. गाठ हाय साधी. पुण्याला दाखवू."

आम्ही एसटी स्टँडवर आलो. त्यांनी मला उसाचा रस पाजला. आणि मग माझ्या हातातली पिशवी घेऊन स्वतःच्या खांद्याला अडकवली. आमच्याकडे गडीमाणूस बायकोची पिशवी घेत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी घेतली नव्हती. तिथेच मला कळलं की मला कॅन्सर झालाय.

"पिशवी कशाला घेतलीसा?" मी विचारलं.

"असू दे की."

मला त्यांचा फार राग आला आणि त्या डॉक्टरीणबाईंचा त्याहून जास्त. तोंड माझं, गाल माझा, मरण आलंच तर तेही माझं, आणि निकाल नवऱ्याच्या कानात. एसटीत ते खिडकीबाहेर बघत रडत होते. मी रडले नाही. डाळजचा फाटा गेला. मग म्हटलं, "मला खरं सांगा, न्हायतर मी हितंच उतरती." तेव्हा त्यांनी सांगितलं.

*

पुण्यातला वॉर्ड बायकांचा होता. कुणाचा गाल, कुणाची जीभ, कुणाची हिरडी. सगळ्या खेड्यातल्या आणि जवळजवळ सगळ्या मिश्रीवाल्या. सकाळी झाडणारी यायची, मग इंजेक्शनवाली सिस्टर, मग डॉक्टरांची फेरी. पाचसहा शिकाऊ डॉक्टर खाटेभोवती उभे राहायचे आणि मोठे डॉक्टर माझ्या तोंडात बॅटरी मारून त्यांना इंग्रजीत समजावायचे. गावात जे तोंड उघडायची लाज वाटली, ते तिथं रोज दहा परक्या माणसांसमोर उघडावं लागलं. पण आता उशीर झाला होता.

ऑपरेशनच्या आधी भीती वाटत होती ती मरणाची नव्हती. बोलता येईल का, याची होती. पोरांना गाणी कोण शिकवणार? मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर मी रात्र काढली.

नंतर नाकातून नळी घातली. मग विजेचे शेक, डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणायचे. तोंड आतून सोलून निघालं. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. शेजारच्या खाटेवर सुप्याकडची एक म्हातारी होती, तिचा गाल बाहेरपर्यंत फुटला होता. तिचा मुलगा भेटायला येताना कागदाच्या पुडीत तिला मिश्री आणून द्यायचा. मी सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी पुडी फेकून दिली, तर म्हातारी मलाच म्हणाली, "तुजं काय जातंय गं? माजी कळ तू सोसणार हाय का?" पुढच्या आठवड्यात तिची खाट मोकळी झाली.

मालक धर्मशाळेत राहायचे. घरी कधी पाण्याचा तांब्या भरून न घेतलेला हा माणूस स्टोव्हवर तांदळाची पेज करायला शिकला. स्वतःच्या धुतलेल्या रुमालातून गाळायचा, फुंकून फुंकून गार करायचा, नळीतून घालायला सिस्टरच्या हातात द्यायचा. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि पेज देऊन झाली की वॉर्डाच्या जिन्यात उभं राहून तळहातावर तंबाखू-चुना मळायचा. हेही विसरणार नाही. खिडकीतून मला दिसायचं. ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

नळी निघाल्यावर मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "मिश्रीनं हे होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

ते हसले. "बाई, हे आम्हाला पूर्वीपासून माहीत आहे. यावर कितीतरी संशोधन झालंय."

मी भिंतीकडे तोंड करून झोपले. पूर्वीपासून! म्हणजे माझ्या तळहातावर पहिली चिमूट पडली तेव्हाही माहीत होतं. इंदापूरला मी मीठ-साखरेचं पाणी शिकत होते तेव्हाही माहीत होतं. पोलिओचा थेंब वाडीवस्तीवर जातो, गर्भनिरोधाची जाहिरात एसटीच्या पाठीवर येते, आणि एवढीशी गोष्ट पुण्याहून आमच्या तव्यापर्यंत यायला गाडी मिळाली नाही? ज्ञान तुमच्याकडे आणि कॅन्सर आमच्याकडे, ही कसली वाटणी?

*

घरी आले तर उंबऱ्यातच तो वास आला. आत्या मिश्री भाजत होत्या.

मी तशीच आत गेले, फडक्यानं तवा उचलला आणि उकिरड्यावर फेकला. आत्या आधी घाबरल्या, मग चिडल्या. "मी न्हाणपणापासनं लावती. मला काय झालं? तुज्या नशिबात व्हतं ते झालं."

"नशीब गेलं ना भीमेत, देवांबरोबर?" मी म्हणाले. निम्मे शब्द कुणाला कळले नाहीत.

आठवडी बाजाराला नवा तवा आला. माझ्यासमोर भाजायच्या नाहीत, एवढाच फरक पडला. मागच्या दारी, गोठ्याशेजारी भाजायच्या. आणि ओट्यावर रंजना त्यांच्याशेजारी बसायची. बाविशीची पोर, कडेवर तान्हं. तिला तरी दुसरी सुट्टी कुठं होती?

एकदा जेवताना तिनं ठेचा तोंडात घातला आणि गाल आवळला. मी बघितलं. तसाच मीही आवळायचे.

"झोंबतंय?"

"वाईच."

"दाखव."

"काय न्हाय वो आक्का," म्हणाली आणि ताट घेऊन उठली. मी मागे लागले, घाबरवलं, शिव्याही दिल्या. दवाखान्याला चल म्हटलं तर म्हणायची, मामास्नी काय सांगू? दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "वयनी, तुमास्नी आता सगळ्यांच्या तोंडात तेच दिसतंय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

*

आणि ती पांढरी जीप परत आली. मागच्या वेळी तपासलेल्या गावांमध्ये आता काय बदललंय, ते त्यांना बघायचं होतं. तोच तरुण डॉक्टर आणि या वेळी बरोबर एक डॉक्टरीणबाई. तीच पडवी, तेच टेबल, त्याच खुर्च्या.

मी डॉक्टरला जाऊन म्हटलं, "आतल्या खोलीत बसा. गडीमाणसं बाहेर ठेवा."

"आत उजेड नाही ताई. आणि मागच्या वेळी इथंच सगळ्या बायका तपासल्या होत्या की."

"तुम्ही पदर तपासले," मी म्हणाले. "मी पण होते त्यात." आणि उजवा गाल त्याच्यापुढे केला. बाईंनी त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि म्हणाल्या, "ह्या म्हणतायत ते बरोबर आहे. पण त्या मंडळींना उठायला कोण सांगणार?"

पाहुणे कसं सांगणार? ते घरच्यांचंच काम होतं. मी मामांपुढे उभी राहिले.

"मामा, बायकास्नी तोंड उघडायचं हाय. तुमी बाहेर बसा."

"पाव्हणं आल्यात सुनबाई. त्यास्नी सोडून उठायचं व्हय? आन आमची कसली अडचण? आमी काय बघतोय थोडंच?"

शेजारच्या घरच्या तात्यांनी होकारात मान हलवली. मागे बायका रांगेत उभ्या होत्या. रंजना तिसरी. पदराची कड तिच्या दातात होती.

त्या कडेवर माझी नजर गेली आणि मला पुढचं काही दिसेना. मी डोक्यावरचा पदर काढला. मामांच्या खुर्चीपुढे वाकले आणि जेवढं उघडतं तेवढं तोंड उघडलं. दोन बोटं. आत मांडीची ती पांढरी कातडी, दात नसलेली कड, सगळं. लाळ गळली, ती मी पुसली नाही. वीस वर्षांत मामांनी माझे दात बघितले नव्हते. त्या दिवशी त्यांनी जे उरलंय ते बघितलं.

"बघा," मी म्हणाले. "मागल्या वेळी तुमी हितंच बसला व्हता."

मामांचा हात खिशातल्या तंबाखूच्या पिशवीवर गेला आणि तिथंच थांबला. मग ते उठले. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली.

"चला रं समदी," ते म्हणाले. "बाहीर चला."

लिंबाखाली जाऊन ते आमच्याकडे पाठ करून बसले. माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असेल, पण माझा राग तेवढ्यानं गेला नाही, आणि मी गेला असं म्हणणारही नाही.

रंजनाची पाळी आली. तिनं एकदा बाहेर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दातातला पदर सोडला. तोंड उघडलं, चांगलं मोठं. बाईंनी बॅटरी मारली, गाल बोटानं बाजूला केला. तिच्या गालात तोच चट्टा होता, पांढरा, खरखरीत.

"अजून वेळ गेलेली नाही," बाई मला म्हणाल्या. मग हात पुसत त्या पडवीच्या पायरीकडे वळल्या. पायरीवर दीर येऊन उभा होता. सवयीनंच त्या म्हणाल्या, "मिस्टर ना तुम्ही? जरा इकडे या, बोलायचंय."

रंजना खुर्चीवरून उठलीच नाही. तिनं बाईंच्या कोटाची बाही धरली.

"त्यास्नी कशाला सांगताय?" ती म्हणाली. "तोंड माजं हाय. मला सांगा."